कुंपणानं शेत खाल्लं

स्वीडनमधल्या जुन्या शेतांच्या कडेला एका खास घडणीचं लाकडी कुंपण अजूनही पाहायला मिळतं. जमिनीत जोडीजोडीनं खुंट रोवलेले असतात आणि त्या जोड्यांच्या मधल्या फटीत स्प्रूसचे उभे चिरलेले लांब वासे तिरके, एकावर एक रचलेले असतात. अख्ख्या कुंपणात एकही खिळा नसतो. खुंट एकमेकांना बांधायला स्प्रूसच्याच कोवळ्या फांद्या वापरतात. फांदी विस्तवावर शेकायची, ती मऊ पडली की खुंटांभोवती पिळा देत गुंडाळायची. गार झाल्यावर ती इतकी आवळून बसते की दोरी किंवा तार यांची गरजच उरत नाही.

या कुंपणाला स्वीडिशमध्ये येर्ड्सगोर्ड म्हणतात. नावातले दोन्ही तुकडे, ‘येर्ड’ आणि ‘गोर्ड’, एकाच मुळातून आलेले आहेत. पण नुसतं ‘गोर्ड’ म्हटलं तर आजच्या स्वीडिश माणसाच्या डोळ्यांसमोर कुंपण येत नाही. त्याला दिसतं ते घर, गोठे आणि मधलं अंगण धरून असलेलं शेतकऱ्याचं सगळं बिऱ्हाड. शब्द एकच, पण तो काठावरून सरकत सरकत आत जाऊन बसला आहे.

या कुंपणाचं काम काय, तेही पाहण्यासारखं आहे. गुरं पळून जाऊ नयेत म्हणून ही खटपट असेल असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात उलट होतं. उन्हाळ्यात गुरं रानात मोकळी सोडत आणि कुंपण घालत ते पिकाला आणि गवताला. कोंडून ठेवायचं ते धान्य, मोकळं सोडायचं ते जनावर. आत काय ठेवायचं आणि बाहेर काय, ही वाटणी या शब्दाच्या सगळ्या गोतावळ्यात पुढे भेटत राहणार आहे.

त्या गोतावळ्याच्या मूळपुरुषाला भाषाशास्त्रज्ञ ‘गार्दाझ’ म्हणतात आणि लिहिताना त्याच्या आधी एक तारका काढतात. तारकेचा अर्थ असा, की हा शब्द कुठल्याही शिलालेखात किंवा पोथीत सापडलेला नाही. वंशजांची तोंडवळणं ताडून पाहून तो उभा केलेला आहे. इंग्रजी, जर्मन, डच, स्वीडिश, आइसलँडिक या सगळ्या भाषा ज्या एका भाषेतून फुटल्या, ती जुनी जर्मानिक भाषा इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या शतकांत उत्तर युरोपात बोलली जात होती. तिच्यात या शब्दाचा अर्थ होता कुंपण, किंवा कुंपणानं वेढलेली जागा.

तो ‘किंवा’ सगळ्या गोष्टीचं मूळ आहे. कुंपण आणि त्याच्या आतली जागा यांना एकच नाव असलं, की नाव फार काळ कुंपणावर राहत नाही. माणसाला आतल्या वस्तूचं महत्त्व जास्त. कुंपणच शेत खातं, असं आपण राखणदाराच्या बेइमानीबद्दल म्हणतो. इथे ते शब्दशः घडलं. कुंपणाच्या नावानं आधी अंगण खाल्लं, मग मळा, मग घर, मग शहर, आणि अखेरीस पृथ्वी.

पृथ्वीपासूनच सुरुवात करू, कारण ती गोष्ट सर्वांत रंगतदार आहे. आइसलँडच्या स्नोरी स्टुर्लुसननं १२२०च्या सुमारास जुन्या नॉर्स दैवतकथा गद्यात उतरवून ठेवल्या. तिथे जगाची रचना एका वाडीसारखी आहे. देवांनी इमिर नावाच्या आदिम राक्षसाला मारलं आणि त्याच्या देहापासून सृष्टी घडवली. रक्ताचा समुद्र झाला, हाडांचे डोंगर झाले, कवटीचं आभाळ झालं. मग राक्षसांच्या उपद्रवापासून माणसांना वाचवायला देवांनी इमिरच्या भुवयांचं कुंपण घातलं. त्या कुंपणाच्या आतला, माणसांच्या वस्तीचा मुलूख म्हणजे मिदगार्द, मधलं आवार. देवांचं आवार ते आसगार्द. मार्वलच्या ‘थॉर’ चित्रपटांमुळे ‘अ‍ॅसगार्ड’ आपल्याकडच्या शाळकरी पोरांनाही पाठ आहे. आणि राक्षस राहतात ते उतगार्द, म्हणजे बाहेरचं आवार.

आसगार्दची तटबंदी कशी झाली, याची कथा तर कुठल्याही कंत्राटदाराच्या गोष्टीइतकी अस्सल आहे. एक अनोळखी गवंडी येतो आणि राक्षसांना दाद न देणारा कोट बांधून देतो म्हणतो. मोबदला मागतो तो मात्र जबर: देवी फ्रेया, शिवाय सूर्य आणि चंद्र. देव लबाडी करतात. ते अट घालतात की काम एका हिवाळ्यात संपलं पाहिजे आणि मदतीला दुसरा माणूस घ्यायचा नाही. गवंडी म्हणतो, माझा घोडा तेवढा राहू द्या. त्यांच्यातल्याच लोकीच्या सल्ल्यानं देव ते कबूल करतात आणि तिथेच फसतात. घोडा रात्रभर डोंगराएवढे धोंडे ओढतो. उन्हाळा तीन दिवसांवर आला तेव्हा फक्त वेशीचं काम उरलेलं असतं. आता सूर्य-चंद्र जाणार म्हणून देवांची तारांबळ उडते. ते लोकीला धरतात आणि दमात घेतात, तूच निस्तर. लोकी घोडीचं रूप घेऊन रानातून खिंकाळतो, घोडा दावं तोडून तिच्यामागे पळतो, काम अडतं. गवंडी चवताळून आपलं राक्षसाचं खरं रूप दाखवतो आणि थॉर हा देव हातोड्यानं त्याचा निकाल लावतो. काही काळानं लोकीला आठ पायांचं शिंगरू होतं. तोच देवराज ओडिनचा घोडा स्लाइप्निर. ठरलेले पैसे बुडवून बांधून घेतलेला कोट म्हणून आसगार्दचा पहिला नंबर लागावा.

प्रत्यक्षातल्या आइसलँडमध्ये गार्द इतका दैवी नव्हता, पण महत्त्वाचा तितकाच होता. या बेटावर गुरं-मेंढरं हिवाळा काढतात ती साठवलेल्या गवतावर. म्हणून घरालगतच्या गवताच्या शेताला माती-दगडांचा बांध घालणं हे तिथल्या शेतकऱ्याचं मोठं काम. ग्रागास या जुन्या कायदेसंग्रहात कायदेशीर बांध कसा असावा याचं मापच दिलेलं आहे: बुंध्याशी ५ फूट रुंद, माथ्याशी ३ फूट, आणि उंची माणसाच्या खांद्यापर्यंत. शेजाऱ्यांचे तंटे तेव्हाही बांधावरूनच होत असणार, नाहीतर कायद्यात फूट मोजायची वेळ आली नसती.

आजच्या आइसलँडिकमध्ये ‘उतानगार्द्स’ म्हणजे कुंपणाबाहेर, आणि ‘उतानगार्द्समादुर’ म्हणजे समाजाबाहेर फेकला गेलेला, बहुधा बेघर माणूस. मराठी वाचकाला इथे ‘गावकुसाबाहेर’ आठवल्याशिवाय राहणार नाही. कूस म्हणजे गावाभोवतालचा कोट किंवा कुंपण. फरक मात्र मोठा आहे. तिकडे बाहेर राक्षस राहतात अशी कथा रचली गेली. आपण बाहेर माणसं ठेवली, पिढ्यान्‌पिढ्या ठेवली, आणि गावाची सगळी घाणीची कामं त्यांच्याकडून करून घेतली.

आता जगावरून घरात येऊ. चौथ्या शतकात वुल्फिला नावाच्या बिशपानं बायबल गॉथिक भाषेत आणलं. कुठल्याही जर्मानिक भाषेतला हा सर्वांत जुना मोठा मजकूर. त्याची सर्वांत देखणी प्रत आज स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. जांभळ्या रंगवलेल्या चर्मपत्रावर चांदीच्या आणि सोन्याच्या शाईनं लिहिलेली ही पोथी ३३६ पानांची होती, त्यांतली १८८ उरली आहेत. या गॉथिक बायबलात ‘गर्द्स’चा अर्थ कुंपण नाही, अंगणही नाही. तो आहे घर, आणि घरातली माणसं, घराणं. मेंढवाड्याला ‘गर्दा’, द्राक्षमळ्याला ‘वीनागर्द्स’, माणसांच्या वस्तीच्या जगाला ‘मिद्युनगर्द्स’. कुंपणाच्या शब्दाचा घरापर्यंतचा प्रवास तेव्हाच पुरा झाला होता.

आणि घर म्हटलं की आपण या कथेत शिरतो. संस्कृत ‘गृह’ हे याच गोतातलं आहे. वरवर पाहता ‘गृह’ आणि ‘गार्द’ यांच्यात फक्त ग आणि र तेवढे जुळतात, पण भाषाशास्त्राला नुसतं साम्य नको असतं, त्याला नियम हवा असतो. तो नियम याकोब ग्रिमनं १८२२ मध्ये मांडला. परीकथा गोळा करणाऱ्या दोघा ग्रिम बंधूंपैकी हा थोरला. त्याच्या म्हणण्याप्रमाणे, संस्कृत आणि जर्मानिक यांच्या समाईक मूळ भाषेतली ‘घ, ध, भ’ अशी महाप्राण व्यंजनं जर्मानिक भाषांत ‘ग, द, ब’ झाली. ‘विधवा’चं इंग्रजी भावंड ‘विडो’ आणि ‘भ्राता’चं ‘ब्रदर’, ते याच हिशेबानं. तेव्हा गार्दाझच्या मागे ‘घ’नं सुरू होणारा आणि पोटात ‘ध’ असलेला एक शब्द असला पाहिजे. संस्कृतला एका शब्दात असे दोन महाप्राण लागोपाठ सोसत नाहीत. ती पहिल्याचा श्वास काढून घेते. घ चा झाला ग. मग पोटातला ध झिजून ह उरला. झालं गृह.

मराठीतलं ‘घर’ प्राकृतातून आलं. बहुतेक अभ्यासक ते ‘गृह’चंच रूप मानतात, आतला ‘ह’ पुढे सरकून ‘ग’ला चिकटला आणि ‘घ’ तयार झाला. काहींनी त्याचा संबंध उष्णता, चूल अशा अर्थाच्या दुसऱ्याच मुळाशी जोडला आहे. मला पहिलं मत पटतं, पण दुसरंही ऐकून हसण्यासारखं नाही. वादातीत आहे ते ‘गृह’. गृहिणी, गृहस्थ, गृहमंत्री आणि गृहकर्ज हे सगळे आसगार्दचे दूरचे पाहुणे आहेत. इराणकडच्या जुन्या अवेस्ता भाषेत मात्र या भावंडाची अवस्था वाईट झाली. तिथे ‘गेरेध’ म्हणजे दुष्ट शक्तींचं बिळासारखं वसतिस्थान. एका भाषेत गृहप्रवेश, दुसरीत भुतांचं बीळ.

पूर्वेकडे स्लाव लोकांच्या हाती हाच वारसा आला आणि त्यांनी त्याचं शहर केलं. रशियनमध्ये ‘गोरोद’ म्हणजे शहर. जुन्या चर्चच्या भाषेत तेच ‘ग्राद’. चेकमध्ये ‘हराद’ म्हणजे किल्ला. पोलिशमध्ये ‘ओग्रुद’ म्हणजे बाग आणि रशियनमध्ये ‘ओगोरोद’ म्हणजे परसातला भाजीमळा, तेव्हा कुंपणाची आठवण तिथेही पुसलेली नाही. स्लाव लोकांनी हा शब्द जर्मानिक शेजाऱ्यांकडून उसना घेतला असं काही जण म्हणत. पण तो दोघांनाही एकाच आजोबाकडून मिळाला, हे मत आज अधिक मान्य आहे.

नवव्या-दहाव्या शतकांत हे दोन भाऊ समोरासमोर आले. स्वीडनकडचे व्हायकिंग व्यापारी आणि लुटारू (दोन्ही धंदे तेव्हा एकाच होडीतून चालत) नद्यांच्या वाटेनं रशियात उतरले. त्या मुलखाला त्यांनी नाव दिलं गार्दारिकी, तटबंदीच्या वस्त्यांचं राज्य. स्लाव ज्याला नोव्हगोरोद म्हणत, ते यांच्या तोंडी होल्मगार्द झालं. त्याच वाटेनं आणखी खाली गेलं की कॉन्स्टँटिनोपल लागे. व्हायकिंग त्याला मिक्लागार्द, म्हणजे मोठं आवार म्हणत आणि स्लाव म्हणत त्सारिग्राद, सम्राटाचं शहर. दोन परकी जमाती एकाच शहराकडे आ वासून बघत होत्या आणि दोघींनी दिलेल्या नावांचा शेवट एकाच मुळाचा होता. पाचव्या शतकात सम्राट थिओडोसियसच्या काळात उभी राहिलेली त्या शहराची तिहेरी तटबंदी ज्यानं पाहिली, त्याला दुसरा शब्द सुचणारही नव्हता. पुढे हेच व्हायकिंग तिथल्या सम्राटाचे भाडोत्री अंगरक्षक झाले. त्यांतल्या कुणा हाल्फदाननं तिथल्या हागिया सोफिया चर्चच्या वरच्या सज्जात, संगमरवरी कठड्यावर रून लिपीत आपलं नाव कोरून ठेवलं. १९६४ मध्ये ते लक्षात आलं. मजकूर झिजला आहे, नाव तेवढं लागतं. किल्ल्यांच्या भिंतींवर नावं कोरणाऱ्यांची जात जुनी आहे.

‘ग्राद’ची एक गंमत विसाव्या शतकातली आहे. १९१४ मध्ये जर्मनीशी युद्ध पेटलं आणि रशियाच्या राजधानीचं सांक्त पेतेरबुर्ग हे नाव फारच जर्मन वाटू लागलं. ‘बुर्ग’ काढून तिथे अस्सल स्लाव ‘ग्राद’ बसवलं आणि पेत्रोग्राद केलं. त्या भरात कुणाला आठवलं नसावं की या ‘ग्राद’चा सख्खा भाऊ जर्मन ‘गार्टेन’मध्ये बसलेला आहे. १९२४ मध्ये शहर लेनिनग्राद झालं आणि १९९१ मध्ये परत मूळ नावावर आलं. स्टालिनग्रादचं १९६१ मध्ये वोल्गोग्राद झालं. नेते बदलले, पण तिथल्या ‘ग्राद’ला हात लागला नाही.

इंग्रजीत या शब्दानं तीनदा घुसखोरी केली आहे आणि तीन वेळा वेगवेगळ्या वेषात. पहिला घरचाच. जुन्या इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीचा ‘ग’ काही स्वरांपुढे मऊ पडून ‘य’ झाला, म्हणून गार्दचं रूप ‘येआर्द’ आणि आज ‘यार्ड’. पुण्याचं मार्केट यार्ड, रेल्वेचं यार्ड, मुंबईच्या हार्बर लाइनवरचं डॉकयार्ड रोड हे सगळे याच शाखेचे. फळबागेला म्हणत ‘ओर्तयेआर्द’. त-य एकमेकांत मुरून त्याचं ‘ऑर्चर्ड’ झालं आणि आतला यार्ड ओळखू येईनासा झाला. ‘मिदगार्द’चं इंग्रजी रूप ‘मिद्दनयेआर्द’ही जुन्या काव्यात वारंवार येतं. पुढे लोकांना ‘येआर्द’चा अर्थ लागेना, तेव्हा त्यांनी तिथे ओळखीचा ‘अर्थ’, म्हणजे पृथ्वी, बसवून टाकला. जुन्या इंग्रजीचे प्राध्यापक असलेल्या टॉल्किन यांनी आपल्या कादंबऱ्यांतल्या जगाला ‘मिडल-अर्थ’ म्हटलं ते हेच मधलं आवार.

दुसरा पाहुणा नॉर्स. इंग्लंडच्या उत्तरेत व्हायकिंगांनी वस्ती केली, तिथे ‘गार्थ’ राहिला. मठाच्या चारी बाजूंच्या ओवऱ्यांमधल्या मोकळ्या चौकाला अजून गार्थ म्हणतात.

तिसरा सर्वांत लांबून आला. फ्रान्सवर राज्य करणारे फ्रँक लोक मूळचे जर्मानिक. राज्य त्यांनी जिंकलं, भाषा मात्र हरले; पण जाताना आपले कितीतरी शब्द तिथे सोडून गेले. बागेला लॅटिनमध्ये ‘होर्तुस’ होताच. त्याला ‘गार्दिनुस’ हे विशेषण लागून ‘कुंपणातली बाग’ तयार झाली, पुढे नाम गळून पडलं आणि विशेषणच बाग होऊन बसलं, असं मानलं जातं. पॅरिसकडच्या फ्रेंचनं त्या ‘ग’चा ‘ज’ करून ‘जार्दाँ’ म्हटलं; नॉर्मंडीच्या बोलीनं ‘ग’ तसाच ठेवला. इंग्लंड जिंकलं ते नॉर्मन लोकांनी, १०६६ मध्ये. म्हणून इंग्रजीत ‘गार्डन’ आलं, ‘जार्डन’ नाही. अशा रीतीनं इंग्रजांच्या घरामागे यार्ड आणि घरापुढे गार्डन आहे. दोघे एकाच आईचे, पण एक घरातच वाढला आणि दुसरा फ्रान्सला शिकून आला. प्रतिष्ठा अर्थातच दुसऱ्याला. यार्डात कोळसा आणि भंगार, गार्डनमध्ये गुलाब. परदेशी जाऊन आलेल्यांचं कौतुक इंग्रजीतही चुकलेलं नाही.

फ्रेंचांकडून हा शब्द इटालियनमध्ये ‘जार्दिनो’, स्पॅनिशमध्ये ‘हार्दिन’ आणि पोर्तुगीजमध्ये ‘जार्दिम’ होऊन गेला, आणि पोर्तुगीजांच्या गलबतातून गोव्यात उतरला. पणजीत चर्चच्या समोर जी जुनी बाग आहे तिचं नाव जार्दिम गार्सिया द ओर्ता. गार्सिया द ओर्ता हा सोळाव्या शतकातला वैद्य. भारतातल्या औषधी वनस्पतींवरचा त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. पोर्तुगीजमध्ये ‘ओर्ता’ म्हणजे भाजीमळा, लॅटिन ‘होर्तुस’चा वंशज. होर्तुस आणि गार्दाझ सख्खे की चुलत, यावर पंडितांत अजून एकमत नाही, पण नात्यातले असावेत असं बहुतेकांना वाटतं. तसं असेल तर त्या बागेच्या पाटीवर हे कुटुंब दोनदा हजर आहे, एकदा बाग म्हणून आणि एकदा आडनाव म्हणून. होर्तुसच्याच बाजूनं आणखी एक शब्द आपल्या रोजच्या तोंडी आला आहे: कोर्ट. वेढलेलं अंगण, मग राजाचं अंगण, मग राजदरबार, मग न्यायाची जागा. कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, पण मुळात तिथे पायरी नव्हतीच, नुसतं आवार होतं.

जर्मनीत दहाव्या शतकात स्वाबियाच्या ड्यूकनं घोड्यांच्या पैदाशीसाठी एक आवार राखलं. ‘श्टुटे’ म्हणजे घोडी, म्हणून ते ‘श्टुटेनगार्टेन’. त्याभोवती वाढलेलं शहर म्हणजे श्टुटगार्ट. शहराच्या निशाणावर काळा घोडा आहे. पोर्शे गाडीच्या बिल्ल्यावर मधोमध उधळलेला घोडा आणि त्याच्या डोक्यावर शहराचं नाव असतं. ज्यांना ती गाडी परवडते त्यांनी एकदा निरखून पाहावं. बाकीच्यांनी रस्त्यात उभी दिसली तर.

पण जर्मनीतला सर्वांत दूरवर पोचलेला गार्टेन फुलांचा नाही आणि घोड्यांचाही नाही. फ्रीडरिख फ्रोबेलनं १८४० मध्ये थुरिंगियातल्या ब्लांकेनबुर्ग गावी लहान मुलांच्या आपल्या संस्थेला नाव दिलं किंडरगार्टेन. मुलं ही रोपं, शिक्षक हा माळी, ही कल्पना त्यामागे होती. शिवाय मुलांना खरोखरचे छोटे वाफेही करून दिलेले असत. प्रशियाच्या सरकारला यात नास्तिकतेचा आणि समाजवादाचा वास आला. फ्रोबेलचा पुतण्या कार्ल याच्या विचारांचा राग काकावर निघाला आणि १८५१ मध्ये किंडरगार्टेनवर बंदी आली. पुढच्याच वर्षी फ्रोबेल वारला. बंदी उठली ती १८६० मध्ये. तोवर शब्द देशाबाहेर पडून गेला होता, आणि इंग्रजीनं तो भाषांतर न करता जसाच्या तसा घेतला. आपल्या केजीतला ‘जी’ तो हाच.

मराठीनं मात्र ‘बालवाडी’ म्हटलं आणि ते फार नेमकं जमलं. ‘वाडी’ आणि ‘वाडा’ यांच्या मागे संस्कृत ‘वाट’ आहे, रस्त्याचा नव्हे तर कुंपणानं वेढलेल्या जागेचा. गार्दाझशी याचं रक्ताचं नातं नाही, पण आयुष्य अगदी तसंच गेलं आहे. कोकणात नारळी-पोफळीची बाग म्हणजे वाडी, आणि दहा-वीस घरांची वस्ती म्हणजेही वाडी. देशावर सरदाराचा वाडा असतो आणि मोकाट गुरांचा कोंडवाडाही असतो. मुंबईत गिरगावची खोताची वाडी आहे, तिच्यातली बाग केव्हाच गेली. तारा मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी भागात बालशिक्षणाचं काम केलं ते माँटेसरीच्या वाटेनं, पण ‘बालवाडी’ हे नाव फ्रोबेलच्या किंडरगार्टेनच्या जातकुळीतलं आहे. पाड्यातली मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यावी, यातून ‘अंगणवाडी’ आली. १९७५ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या बालविकास योजनेमुळे ती देशभर गेली. तमिळनाडूतल्या किंवा आसामातल्या सरकारी कागदांवरही आज हाच शब्द दिसतो.

असा प्रवास एखाद-दुसऱ्याच शब्दानं केला असं नाही. कुंपणासाठी जर्मानिक भाषांत दुसराही एक शब्द होता, ‘टून’. तो जर्मनमध्ये ‘त्साउन’ झाला आणि अजून कुंपणच आहे. डचमध्ये त्याची बाग झाली, आइसलँडमध्ये गवताचं शेत झालं आणि इंग्रजीत ‘टाउन’ झाला. चार देश, आणि कुणी काठ धरून ठेवला, कुणी हिरवळ, कुणी घरं. एका भाषेच्या कोशात बसून हे कळत नाही. चार कोश शेजारी उघडावे लागतात.

या गोतात घुसू पाहणारे तोतयेही बरेच आहेत, त्यांना दारातच अडवलेलं बरं. पहिला ‘गार्ड’, पहारेकरी. कुंपण राखतो म्हणून हा घरचाच वाटतो, पण तो ‘वॉर्ड’ आणि ‘वॉर्डन’च्या घरातला, फ्रेंचांनी ‘व’चा ‘ग’ केला म्हणून फसगत होते. दुसरा आपला ‘गड’. ‘ग्राद’ म्हणजे शहर, ‘हराद’ म्हणजे किल्ला, मग रायगड का नाही, असं उत्साही माणूस विचारतो. ध्वनिनियम याला साथ देत नाहीत, आणि नियम सोडला तर कुठलाही शब्द कुठल्याही शब्दाचा काका होऊ शकतो. तिसरा सर्वांत बेरकी, कापड मोजायचा ‘यार्ड’. अक्षरं तीच, उच्चार तोच, पण हा जुन्या इंग्रजीतल्या काठीपासून आला. मोजायची काठी, तीन फुटांची. आपण त्याला वार म्हणतो. तेव्हा नऊवारी लुगड्यातला यार्ड वेगळा आणि मार्केट यार्डातला वेगळा. उलट ‘गर्डर’ हा कुणाच्या ध्यानीमनी नसलेला खरा नातेवाईक. कमरेला वेढा घालणं या अर्थाच्या ‘गर्ड’ क्रियापदापासून तो निघाला आणि त्या क्रियापदाचं मूळ गार्दाझच्याच घरात आहे. रेल्वेच्या पुलावर त्याला रोज लोकलचा भार उचलावा लागतो.

आडनावांतही हा शब्द लपून बसला आहे. अस्तित्ववादावरच्या मराठी लेखांत ज्यांचं नाव किर्केगार्द असं येतं, त्या डॅनिश तत्त्वज्ञाचं घराणं जटलंडमधल्या सेदिंग गावचं. तिथे चर्चलगतची जी शेतवाडी ते कसत, तिच्यावरून हे आडनाव पडलं. डॅनिशमध्ये ‘किर्केगोर’ याचा रोजचा अर्थ मात्र स्मशान. मृत्यूचं आणि भयाचं इतकं चिंतन करणाऱ्या माणसाच्या आडनावाचा तिकडे असा अर्थ लागतो, आणि तो पुरला गेला तो कोपनहेगनच्या असिस्टन्स किर्केगोरमध्ये, १८५५ साली.

आणि एक आवार तर असं आहे की जे सोडून लोक गेले, तरी नाव घेऊन गेले. १८२९ मध्ये लंडनच्या नव्या पोलीस दलाचं कार्यालय व्हाइटहॉल प्लेसमध्ये ४ नंबरच्या घरात उघडलं. त्याचा मागचा दरवाजा ग्रेट स्कॉटलंड यार्ड नावाच्या बोळात उघडत असे आणि लोक तिकडूनच जात-येत, म्हणून पोलिसांनाच स्कॉटलंड यार्ड म्हणू लागले. १८९० मध्ये कार्यालय थेम्सच्या काठी हललं, १९६७ मध्ये व्हिक्टोरिया भागात गेलं, २०१६ मध्ये पुन्हा नदीकाठी आलं. यांतली एकही जागा त्या यार्डात नव्हती. पाटी मात्र प्रत्येक वेळी ‘न्यू स्कॉटलंड यार्ड’ अशीच लागली.